गोफर नावाची खार

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रीडासंघांना ‘गोल्डन गोफर्स’ म्हणतात. गोफर म्हणजे बिळात राहणारा, उंदराच्या जातकुळीतला प्राणी, आणि त्यांचा गोफर हा गोफर नाहीच. ती खार आहे. इथल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते आमच्या बाबांना. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस. संघांचा शुभंकर असलेल्या गोल्डी गोफरचं चित्र असलेला टी-शर्ट त्यांना पाठवला, तर घालून बघायच्या आधी चष्मा कपाळावर चढवून चित्रच तपासत बसले.

“अरे, गोफरला गालाच्या बाहेरून पिशव्या असतात. ह्याला कुठे आहेत? आणि एवढे मोठे डोळे? बिळात राहणारा प्राणी ना तो?”

“बाबा, कार्टून आहे ते.”

“कार्टून असलं म्हणून काय झालं? गट चुकलाय.”

बाबांचं बरोबर आहे. खरा गोफर, म्हणजे पॉकेट गोफर, बहुतेक सगळा जन्म जमिनीखाली काढतो. पुढचे दात ओठांच्या बाहेर, त्यामुळे तोंड मिटूनही माती कुरतडता येते. शेतात मातीचे ढीग घालतो, म्हणून शेतकऱ्यांचा त्याच्यावर राग. दक्षिण मिनेसोटातल्या व्हायोला नावाच्या खेड्यात १८७४पासून ‘गोफर काउंट’ भरतो. गोफर मारायचे, त्यांचे पाय पिशवीत भरून आणायचे आणि मोजून बक्षीस घ्यायचं. मिरवणूक वगैरे सगळं असतं. विद्यापीठाच्या मैदानावर ज्याच्या गळ्यात पडून पोरं फोटो काढतात, त्याच्या नावाच्या प्राण्याचे पाय त्याच राज्यात मोजून घेतले जातात. याचंही कुणाला काही वाटत नाही!

गोल्डी ज्या प्राण्यावरून काढलाय तो म्हणजे तेरा पट्ट्यांची जमिनीवरची खार. ही मात्र उन्हाळ्यात आमच्या इमारतीमागच्या गवतावर सर्रास दिसते. कापलेल्या गवतात खुंटी ठोकल्यासारखी ताठ उभी राहते, बारीक शीळ घालते आणि आपण एक पाऊल टाकलं की गायब. पाठीवर गडद आणि फिके पट्टे आलटून पालटून, आणि गडद पट्ट्यांच्या मधोमध फिक्या ठिपक्यांची ओळ. आपल्याकडच्या खारीच्या पाठीवर रामाने बोटं फिरवली. हिच्याबाबतीत हात बराच वेळ फिरला असावा. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिला ‘पट्ट्यांचा गोफर’ म्हणत आली आहेत. म्हणजे विद्यापीठाने चूक केली असं नाही, गावाने मारलेली हाक जशीच्या तशी उचलली.

आणि त्या हाकेमागे राजकारण आहे. १८५०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे कंपन्यांना सरकारी कर्जरोख्यांतून पन्नास लाख डॉलर देण्याची टूम निघाली. आर. ओ. स्वीनी नावाच्या चित्रकाराने त्यावर व्यंगचित्र काढलं: पट्टेवाले गोफर, धडावर माणसांची डोकी, आणि ते सगळे मिळून आगगाडी ओढतायत. पुढे कंपन्या बुडाल्या, कर्ज राज्याच्या गळ्यात पडलं आणि ‘गोफर स्टेट’ हे नाव कायमचं चिकटलं. टिंगलीतून आलेलं नाव लोकांनी अभिमानाने मिरवायला घेतलं. सध्याचा गोल्डी मरून रंगाची जर्सी घालतो आणि सामन्यात डोकं गरागरा पूर्ण फिरवतो. ते ना गोफरला जमतं ना खारीला. घुबडालासुद्धा एवढं जमत नाही.

शेजारची राज्यंही काही वेगळी नाहीत. बॅजर हा बिळं खोदणारा प्राणी, पण विस्कॉन्सिनच्या ‘बॅजर्स’चं नाव खरं तर माणसांवरून आलंय. तिथल्या शिशाच्या खाणीत काम करणारे लोक हिवाळ्यात टेकडीच्या पोटात बिळं खोदून राहायचे, त्यांना हे नाव पडलं. मिशिगनवाले ‘वुल्व्हरीन’, म्हणजे थंड प्रदेशातला एक दांडगा शिकारी प्राणी. आता मिशिगनमध्ये वुल्व्हरीन किती? २००४ साली एक दिसला तर बातमी झाली, कारण दोनेकशे वर्षांत त्या राज्यात खात्रीने दिसलेला तो पहिलाच होता. २०१०मध्ये तो मेला. त्याआधी १९२७ साली विद्यापीठाने हौसेने दोन जिवंत वुल्व्हरीन आणून मैदानावर पिंजऱ्यातून फिरवले होते. पण प्राणी वाढले तसे इतके हिंस्र झाले की तो नाद सोडावा लागला. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावं. अस्सल प्राणी हवा म्हणता म्हणता माणसं पिंजऱ्यापर्यंत पोचतात. त्यापेक्षा खोट्या केसांच्या पोशाखात घाम गाळणारा विद्यार्थी बरा.

शेजारच्याच आयोवाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. १९३४च्या सामन्यात मिनेसोटाच्या खेळाडूंनी आयोवाच्या ऑझी सिमन्सला फार दांडगाईने खेळवलं. सिमन्स कृष्णवर्णीय होता आणि आयोवाचे प्रेक्षक संतापले. पुढच्या वर्षी प्रकरण हातघाईवर येणार अशी चिन्हं होती. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी आयोवाच्या गव्हर्नरांशी पैज लावली: हरेल त्याने जिंकणाऱ्याला डुक्कर द्यायचं. मिनेसोटा जिंकला आणि जिवंत डुक्कर खरोखर ओल्सनांच्या कार्यालयात आलं. त्याचं नाव ठेवलं ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’, आणि आजही त्याच्या काशाच्या पुतळ्यासाठी दोन्ही संघ भांडतात. एकीकडे गोफर नसलेला गोफर, दुसरीकडे आयोवाचा ‘हॉकआय’, म्हणजे मुळात पक्षी नव्हे तर कादंबरीतल्या माणसाचं नाव, ज्याला मागाहून ससाण्याचं रूप दिलं. या सगळ्या प्रकरणात प्राणिशास्त्राच्या कसोटीला उतरणारं एकच, ते डुक्कर.

अचूकतेशी माझं वाकडं नाही. इथल्या फुटबॉल संघाला, म्हणजे पायाने खेळतात त्या फुटबॉलच्या, सगळे ‘लून्स’ म्हणतात. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. संघाच्या चिन्हावरच्या लूनचा डोळा लाल आहे, आणि उन्हाळ्यात खऱ्या लूनचाही असतो. तळ्याकाठी रात्री त्याची ओरड ऐकलेल्या माणसाला ते चिन्ह लगेच पटतं. बास्केटबॉलचे ‘टिंबरवुल्व्ह्ज’ही बरोबर; अलास्का सोडला तर लांडग्यांची संख्या याच राज्यात सर्वांत मोठी. उलट इथलेच ‘लेकर्स’ १९६०मध्ये लॉस एंजेलिसला गेले. तळी इथे राहिली, नाव तिकडे गेलं.

मला खटकतात ते वाघ-सिंह. कुठल्याही गावाने उठावं आणि टायगर्स व्हावं. चित्र अगदी हुबेहूब असतं, पण त्या गावाचा वाघाशी काडीचा संबंध नसतो. त्यापेक्षा आपल्या कबड्डीतले जयपूर पिंक पँथर्स मला आवडतात. गुलाबी बिबट्या कुणी पाहिलाय? पण शहर गुलाबी आहे आणि झालाना भागात, शहराला लागूनच, बिबटे फिरतात.

हे सगळं बाबांना ऐकवलं, तर ते म्हणाले, “मग महाराष्ट्राच्या एखाद्या संघाने शेकरू घ्यावं. राज्यप्राणी आहे, कुणी विचारत नाही त्याला.” मला एकदम पटलं. पाठ तांबूस-मरून, पोट फिकट पिवळसर, म्हणजे जवळजवळ मिनेसोटाचेच रंग. आणि या झाडावरून त्या झाडावर लांबच लांब उडी. फक्त चित्रकाराला आधी भीमाशंकरला पाठवा, नाहीतर तो अंगणातली खार काढेल, पट्ट्यांसकट, आणि बाबांचा पुन्हा फोन येईल.