तुम्ही विचारलंत म्हणून: हवाच नाही, मग आरसा वाकवायचा कशाला?

अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींबद्दल मी कुठेही बोलले की एक प्रश्न हमखास येतो. "जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींचे आरसे आकार बदलतात ते हवेच्या थरथरीमुळे. वर हवाच नाही. मग तिथला आरसा वाकवायचा कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की तिथे हवेची चूक सुधारायची नसतेच. सुधारायचा असतो तो आरशाचा स्वतःचा आकार, आणि तो बिघडतो कारण आरसा आपणच मुद्दाम पातळ केलेला असतो.

पातळ का, हे कळायला क्ष-किरणांचा स्वभाव बघावा लागतो. समोरून आरशावर पडले की ते परत फिरत नाहीत, काचेत शिरून जिरतात. पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेले तरच परावर्तित होतात. कोरा कागद डोळ्यांच्या पातळीत आडवा धरून त्याच्या कडेवरून दिव्याकडे बघा. एरवी निस्तेज दिसणारा कागद चकाकायला लागतो. तसंच काहीसं. म्हणून हे आरसे ताटासारखे नसतात, नळीसारखे असतात. वेगवेगळ्या वक्रतेच्या दोन नळ्या एकापुढे एक ठेवल्या की नीट प्रतिमा मिळते, हे हान्स वोल्टर यांनी 1952 मध्ये दाखवून दिलं.

आता 1999 मध्ये सोडलेल्या चंद्रा दुर्बिणीचा सगळ्यात बाहेरचा आरसा घ्या. व्यास 1.2 मीटर, लांबी 84 सेंटिमीटर. किरण त्याला एक अंशाहूनही कमी कोनात भेटतात. त्यामुळे एवढ्या लांब आरशाची आकाशाकडून दिसणारी कड जेमतेम सव्वा सेंटिमीटर रुंदीची असते. आणि काचेची जाडी? सुमारे दोन सेंटिमीटर! म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या पट्टीपेक्षा तिला धरून ठेवणारी काचच जास्त जागा खाते. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा मी कागदावर तो तीनदा करून पाहिला होता.

जाड काचेचा फायदा मात्र मोठा. चंद्राची प्रतिमा अर्ध्या विकलेइतकी तीक्ष्ण आहे, म्हणजे 4 किलोमीटरवरच्या एक सेंटिमीटरच्या वस्तूएवढा कोन. पण असे आरसे एकात एक चारच बसले. त्याच वर्षी सोडलेल्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण वेधशाळेने उलटी वाट धरली: निकेलचे पातळ आरसे, तिच्यातल्या प्रत्येक दुर्बिणीत 58. प्रकाश भरपूर, पण प्रतिमा 15 विकलांच्या आसपास पसरट. आम्हाला दोन्ही हवं आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दोन सेंटिमीटरची काच 0.4 मिलिमीटर केली की जाडी 50 पटीने घटते आणि ताठपणा सव्वा लाख पटीने. अशी काच इंटरफेरोमीटरखाली, म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यांवरून पृष्ठभागाचा बारीकसा उंचसखलपणा मोजणाऱ्या उपकरणाखाली, ठेवून मी नुसता हात तिच्याजवळ नेला, स्पर्शही नाही, तर पडद्यावरचे पट्टे सरकायला लागले. तळहाताची ऊब तिला पुरली. धारकात बसवताना ती वाकते, परावर्तनासाठी इरिडियम धातूचा लेप दिला की त्या लेपाच्या ताणाने वाकते. जमिनीवर स्वतःच्या वजनाने वाकते आणि कक्षेत ते वजन गेलं की पुन्हा वेगळी होते. शिवाय पृष्ठभागाचा उतार जेवढा चुकतो, किरण त्याच्या दुप्पट कोनात भरकटतो.

म्हणून काचेच्या पाठीवर पायझोइलेक्ट्रिक पदार्थाचा, लेड झिर्कोनेट टायटॅनेटचा, दीडएक मायक्रॉनचा थर चढवायचा आणि त्यावर साधारण सेंटिमीटरभराचे चौकोन पाडायचे. एखाद्या चौकोनाला काही व्होल्ट दिले की तेवढा थर आडवा आकसतो आणि काचेला तिथल्या तिथे वाकवतो. प्रत्येक चौकोन किती वाकवतो ते आधी मोजून ठेवायचं, मग सगळ्यांची बेरीज आरशाची चूक खोडेल असे व्होल्ट शोधायचे. कागदावर हे सरळ गणित आहे. प्रत्यक्षात हा पदार्थ आधी कुठल्या स्थितीत होता ते लक्षात ठेवतो आणि त्याच व्होल्टला दरवेळी तेवढाच वाकत नाही.

एक गोष्ट व्होल्टने कधीच सुधारत नाही: खडबडीतपणा. क्ष-किरणांची तरंगलांबी नॅनोमीटरच्या घरातली, त्यामुळे काच मुळातच अणूंच्या मापाची गुळगुळीत हवी. चौकोन फक्त लांबरुंद उंचसखलपणा काढतात.

लिंक्स नावाच्या प्रस्तावित दुर्बिणीच्या अभ्यासात असे आरसे विचारात होते, पण मुख्य आराखड्यात एकसंध सिलिकॉन स्फटिकातून कापलेले आरसे निवडले गेले. त्या स्फटिकात मुळात आतला ताण नसतो, म्हणून तो आकार धरून ठेवतो. निवड मला पटते. तरीही माझं मन या वाकणाऱ्या काचेत आहे, कारण प्रक्षेपणाच्या हादऱ्यांनंतर काही बिघडलंच तर तिथे हात पोचत नाही, व्होल्ट पोचतात.

याला जोडून विचारतात, हे व्होल्ट किती वेळा बदलायचे? जमिनीवरचा आरसा सेकंदाला शेकडो वेळा हलतो. हा कक्षेत पोचल्यावर एकदा नीट बसवायचा आणि मग शक्यतो महिनोन्महिने हात लावायचा नाही.