अजिंठ्याच्या दारात, चपला काढून

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही बघायचं असेल तर वार पाहूनच निघा. मी आत्याला घेऊन बुधवारी गेले.

आपली गाडी फर्दापूर फाट्यालाच ठेवावी लागते. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय तिला आधी जाचकच वाटली. चढणीला मात्र डोलीवाले मिळाले आणि तिची चिंता मिटली.

पहिल्या लेण्याच्या दारात चपला काढल्या. आत माणसं मोजून सोडत होते, म्हणून बाहेर थांबलो. ऊन चांगलंच होतं. "एवढ्या लांबून यायचं आणि दारात ताटकळायचं," आत्या म्हणाली. पहारेकरी अदबीने म्हणाला, "मावशी, आतली भिंत मातीची आहे."

मला वाटतं, अजिंठ्याचे सगळे नियम या एका वाक्यात आहेत. आपण 'दगडात कोरलेली लेणी' म्हणतो, पण चित्रं दगडावर नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा, वनस्पतींचे तंतू आणि दगडाची भुकटी. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी. निळा तेवढा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. असा गिलावा ओल धरतो. माणसांच्या श्वासाची वाफ, घाम, पायांबरोबर आलेली धूळ, सगळं त्याला बाधतं. जपणूक करतानाही चूक होऊ शकते. निजामाच्या राजवटीत, 1920 च्या सुमारास, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रांवर वॉर्निश चढवलं. तेच पुढे पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली.

आमची पाळी आली. आत इतका मंद उजेड की पहिली दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग हळूहळू गाभाऱ्याच्या दाराशेजारी पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दिसू लागलं, खाली वळलेली नजर, हातात कमळ. तेवढ्यात मागे कुणाच्या तरी मोबाईलचा फ्लॅश उडाला. "दादा, फ्लॅश बंद करा." फोटोला मनाई नाही, फ्लॅशला आहे. त्या झगझगाटाने आमचे डोळे दिपले आणि पद्मपाणी पुन्हा अंधारात गेला. परत दिसायला वेळ लागला. तेव्हापासून मी फोन पिशवीतच ठेवला.

दहाव्या लेण्यात एका खांबावर नाव कोरलेलं आहे: जॉन स्मिथ, एप्रिल 1819. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्याने चित्रावरच नाव ओरखडलं. ते आपल्या डोक्याच्या बरंच वर आहे, कारण तेव्हा लेण्यात मलबा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. दोनशे वर्षं झाली तरी ओरखडा तसाच. भिंतीला हात लावू नका म्हटल्यावर कुणी कुरकुरलं, तर त्याला हा खांब दाखवावा.

सतराव्या लेण्यापर्यंत आत्या स्वतःच बाजूच्यांना हळू बोला म्हणून खुणावत होती. विश्वंतर जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या, चित्रासमोर ती पदर नाकाशी धरून उभी होती. धूळ लागतेय का, विचारलं तर म्हणाली, "नाही गं. माझा श्वास."