तात्यांची पहार

मला कोकण रेल्वेत रूळ-देखभालीची नोकरी लागली तेव्हा तात्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "आमाला पास मिळंल का रं?" नोकराच्या पासात चुलते बसत नाहीत. ज्या करबुडे बोगद्यात त्यांनी सुरुंग लावले, त्यातून ते शेवटपर्यंत दिवा पॅसेंजरचं तिकीट काढून गेले. कंत्राटदाराचा माणूस, काम संपलं की नातं संपलं. मला याचा अजून राग येतो. त्यांना कधी आला नाही.

तात्या माझे थोरले चुलते. पाटण तालुक्यातलं आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. आमची घरं कोकणात उतरली आणि मिसरूड फुटताच हा गडी उलटा घाट चढून त्याच प्रकल्पावर बोगदे खोदायला गेला. गाव बुडवणाऱ्या धरणानंच पहिला पगार दिला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते कोयनानगरला मजुरांच्या पत्र्याच्या खोपटात झोपलेले होते. पुढे दोन दिवस लोकांच्या पडलेल्या घरांचे ढिगारे उपसले. आजीनं शपथा घातल्या, रडली, तरी आठवड्याभरात पठ्ठ्या पुन्हा कामावर.

नव्वदनंतर कोकण रेल्वेचं काम निघालं तेव्हा ते मुकादम होऊन करबुड्याला आले. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. कातळात भोकं पाडायची, जिलेटिन ठासायचं, बार उडवायचा, धूर निघून जाईपर्यंत थांबायचं. मग पहिलं आत जायचं ते तात्यांनी, हातात पहार घेऊन. छताला अडकलेले सुटे दगड पाडून झाल्याशिवाय मलबा भरायला ते कुणाला सोडत नसत. साहेब घाई करत. तात्या तंबाखू मळत उभे. नंतर गोव्यात पेडण्याच्या बोगद्यावर गेले. तो करबुड्याच्या जेमतेम चौथाईएवढा, पण मऊ मातीतला. आज खोदलं की उद्या पुन्हा बसायचं. "कातळ परवडला, माती बेइमान," म्हणायचे. 1998 च्या 26 जानेवारीला सबंध मार्ग खुला झाला तेव्हा ते इथे नव्हतेच. पन्नाशी उलटल्यावर हिमाचलात सतलजच्या काठी, नाथपा-झाक्री वीजप्रकल्पाच्या सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यावर गेले होते. घरी सांगितलं होतं, "सिमल्याला जाऊन येतो." यात्रेलाच निघाल्यासारखं!

गेल्या जुलैत त्या पहारीची गाठ पडली. पहाटे गस्तवाल्याचा फोन आला, उक्षी स्टेशनच्या पुढे कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेत, रुळाशेजारी नारळाएवढा दगड पडलाय. त्यानं लाल बत्ती दाखवून मालगाडी अडवली होती आणि मागच्या स्टेशनात एक एक्सप्रेस उभी होती. मी, मेट म्हणजे टोळीचा म्होरक्या, आणि चार ट्रॅकमन पोचलो तेव्हा पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. वरच्या तारेची वीज बंद करून घेतली. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन दर पाच मिनिटांनी: किती वेळ लागेल?

वर बघितलं तर एक मोठा थोरला कातळ पुढे झुकलेला. सगळ्यांची नजर त्याच्यावरच. मेट म्हणाला, हाच येणार. लहानपणी तात्यांनी घरामागच्या दरडीवर मला शिकवलं होतं, "पहारीनं ठोक. खणखणला तर जागचा हाय. भद्द वाजला तर मागं सर, पर पाठ फिरवू नगं, तोंड वर ठिवून सर." दोर बांधून चढलो. झुकलेला कातळ ठोकला, खणखणीत. पुन्हा दोन ठिकाणी ठोकला, तसाच. त्याच्या डावीकडे गवतात दडलेला एक बेताचा दगड होता, त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. तो भद्द बोलला.

खाली सगळ्यांना लांब केलं आणि दोघांनी बाजूनं पहारी घातल्या. दगड निघाला तो एकटा नाही, मागची अर्धा ब्रास माती घेऊन रुळावर आला. कुणी काही बोललं नाही, फावडी मात्र जोरात चालली. जाळ्या, काँक्रीटचे फवारे, कातळात ठोकलेले बोल्ट हे सगळं आता आहे आणि त्यानं फरक पडलाय, हे मी इंजिनियर म्हणून शपथेवर सांगेन. पण त्या घटकेला माझ्याकडे पहार आणि कान एवढंच होतं.

ताशी वीस किलोमीटरची मर्यादा घालून गाडी सोडली. दारात उभा एक प्रवासी उशिराबद्दल मनसोक्त शिव्या घालत गेला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "सैल दगड काढला, मार्ग सुरक्षित." अशा कामाला तेवढीच ओळ असते.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रात्री काकूला फोन करून सगळं सांगितलं. ठोकायचं कसं, ऐकायचं कसं, बार उडाल्यावर आधी आत कोण जायचं, तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम भडकली.

"आत पयलं हेच जायाचे? आनि मला सांगायचे, मुकादमाचं काय, नुसती हजेरी मांडायची!"