22 डिसेंबरची सावली

दुपारची सावली वर्षात सर्वांत लांब पडते ती 22 डिसेंबरच्या सुमारास. म्हणून गेल्या 22 डिसेंबरला दुपारी मी आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या गच्चीवर मीटरपट्टी उभी धरून थांबले होते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं. आपल्याकडे त्या दिवशी तो साधारण 12 वाजून 36 मिनिटांनी सर्वांत वर असतो. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, हे विसरणं शक्य नाही. एक मीटरच्या पट्टीची सावली भरली 91 सेंटीमीटर.

खटाटोप गच्चीवर बसवायच्या सोलर पॅनेलसाठी होता. आमची इमारत सिडकोच्या काळातली, चार मजली, बिनलिफ्टची. सामाईक वीज लागते ती पाण्याच्या पंपाला आणि जिन्यातल्या दिव्यांना. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं. 5 किलोवॉटला पाचेकशे चौरस फूट गच्ची पुरते आणि चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिट मिळतात. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला. महिन्याभरातच रस्त्यापलीकडे, बरोबर दक्षिणेला, पुनर्विकासाचा बोर्ड लागला. टॉवर 100 मीटर उंच.

मग वहीत हिशेब मांडला. आमची गच्ची जमिनीपासून 13 मीटरवर, म्हणजे आमच्या दृष्टीने टॉवर 87 मीटरचा. त्याची दुपारची सावली 80 मीटर लांब. मधलं अंतर मोजलं तर जेमतेम 30 मीटर!

सावली फिरती असते, मान्य. मेच्या मध्यावर तर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा या टॉवरचा आम्हाला काहीच त्रास नाही. पण नंतर पावसाळा. स्वच्छ, खणखणीत ऊन मिळतं ते हिवाळ्यातच, आणि त्यातलेच ऐन दुपारचे तास जाणार. शिवाय पॅनेल एकापुढे एक जोडलेले असतात. दोन-तीन सावलीत गेले की त्या ओळीची वीज उतरते. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतात, टॉवर त्याहून जास्त टिकणार.

“बाई, ऊन काय आपल्या शेअर सर्टिफिकेटवर लिहिलंय?” असं तळमजल्यावरचे काका म्हणाले. तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. डिसेंबर 2020 मध्ये राज्यात लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मी वाचायला घेतली. नव्या इमारतीच्या स्वतःच्या गच्चीवरच्या सौरयंत्रणेबद्दल तिच्यात तरतूद आहे. शेजारच्या गच्चीवरच्या उन्हाबद्दल मला एक ओळही सापडली नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा आला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. त्या वेळी आम्ही सगळे कुठल्या भूखंडावर कसलं आरक्षण पडलंय एवढंच बघत होतो. उन्हाचा विषय कुणीच काढला नाही, मीही नाही. याची मला आज फार चुटपुट लागते.

समोरच्या पुनर्विकासाला माझा विरोध नाही. तिथल्या मावशींच्या स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर पडतंय, त्यांना धड घर मिळायलाच हवं. माझं मागणं एवढंच आहे की पुनर्विकासाच्या प्रस्तावासोबत 22 डिसेंबरच्या सावलीचा नकाशा जोडणं बंधनकारक करा, आणि तो शेजारच्या सोसायट्यांना मंजुरीआधी दाखवा. टॉवर भूखंडाच्या दक्षिण टोकाला सरकवला आणि बाग, पार्किंग उत्तरेला घेतलं, तर निदान थोडी सावली त्यांच्याच आवारात राहील. नियमावलीत बदल राज्य सरकार करतं, म्हणून सूचना नगरविकास विभागाला आणि प्रत महापालिका आयुक्तांना असं पत्र तयार केलंय. हिशेबाचं पान सोबत जोडलंय.

पण एका गच्चीचे आकडे पुरणार नाहीत. वाशी, सानपाडा, नेरूळमधल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी आपल्या गच्चीची उंची, दक्षिणेच्या भूखंडापर्यंतचं अंतर आणि तिथे येऊ घातलेल्या इमारतीची उंची मला कळवावी. सावलीचा हिशेब मी करून देईन.