पुरे

महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून आम्ही झोपलो आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवन, सारं पाण्यात. आमचं घर मानेवाड्याला, कोरडं. कोरड्या घरातल्या माणसाला काहीतरी करायची फार घाई असते. मी लॅपटॉप उघडला.

दुपारपर्यंत गूगल शीट तयार. पत्ता, काय पाहिजे, किती, कोण नेतंय. तासाभरात दोघांनी एकाच ओळीत टाइप करून एकमेकांचं पुसलं. एकच घर तीन पत्त्यांनी आलं. आणि लोकांचे मोबाइल नंबर अख्ख्या गावाला उघडे! ते मी रात्री झाकले. अजून लाज वाटते.

पण खरा घोळ वेगळाच होता. सकाळी कुणीतरी भरलेली 'खिचडी, चाळीस जण' ही ओळ अन्न पोहोचल्यावरही तशीच राहिली आणि फॉरवर्ड होत फिरली. संध्याकाळी तिथल्या एका काकूंचा फोन. "भाऊ, खिचडी नका पाठवू आता, टाकून द्यावी लागून राहिली. वायपर पाठवा ना!"

घरात घोटाभर चिखल, जमिनीतल्या टाकीत नालीचं पाणी. त्यांना वायपर, फावडी, फिनाइल, टाकी उपसायला मोटर पाहिजे होती. माझ्या यादीत अन्न, कपडे, औषधं. वायपर 'इतर'मध्ये.

रात्रभर बसून साधं वेबपेज केलं. मागणीपुढे वेळ, सहा तास कुणी विचारपूस केली नाही तर ओळ फिकी. 'मी नेतो' दाबलं की बाकीच्यांना 'निघालं' दिसे. आणि एक मोठं लाल बटण: 'पुरे'. ते दाबायचं काम दोन मित्रांकडे. एकेका घरी फोन लावून विचारायचं. ते फॉर्म भरणाऱ्यावर सोडून चालत नव्हतं, कारण चिखलातल्या माणसाचा फोन बंद आणि फॉर्म भरणारा पुण्यातला भाचा.

त्सुनामीनंतर श्रीलंकेत स्वयंसेवकांनी बांधलेली 'सहाना' ही आपत्तीतल्या मदतकामाची संगणक प्रणाली मी नंतर पाहिली. तिच्यात मागण्या, शिबिरं, हरवलेली माणसं, सगळ्यांचे वेगळे कप्पे. माझं त्यापुढे वहीचं पान.

जुन्या कपड्यांना मी दुसऱ्याच दिवशी 'पुरे' केलं होतं. तरी तीन गाठोडी आमच्या पोर्चमध्ये येऊन पडली. एकात लग्नातला कोट निघाला, खिशात अक्षता.