घसरलेला म्हातारा आणि तांब्याचा पत्रा

पाचशेची नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा हलकेच फिरवा. शाई कागदाच्या वर आलेली लागते. ज्या गावात नोटांचा छापखाना आहे, त्या गावाला उठावाच्या छपाईबद्दल वेगळं काय सांगायचं! धातूत रेषा खोल करायची, खोलात शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा आणि कागद इतका दाबायचा की तो रेषेत उतरून शाई उचलून आणेल. नाशिकरोडला हे सरकारची पत टिकवण्यासाठी चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये याच तत्त्वावर लोकांची, आणि सरकारचीही, पत काढली जायची.

जेम्स गिलरे, टॉमस रोलँडसन, आयझॅक क्रूकशँक, त्याचा मुलगा जॉर्ज, विल्यम हीथ ही तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या त्या व्यंगचित्रांतली मोठी नावं. त्यांची चित्रं आता मोबाइलवर ढिगाने दिसतात. आपण हसतो आणि बोट पुढे सरकवतो. पण चित्र कसं बनलं आणि कसं विकलं गेलं हे माहीत असेल, तर त्याच चित्रात दुप्पट मजकूर सापडतो.

१० फेब्रुवारी १८०८ ही तारीख असलेलं गिलरेचं ‘व्हेरी स्लिपी वेदर’ बघा. निसरड्या फरशीवर एक म्हातारा गृहस्थ पाठीवर आपटलाय. खिशातली नाणी बाहेर पडताहेत, हातातला थर्मामीटर मात्र शाबूत. मागे दुकानाची मोठी खिडकी, तिच्या तावदानांत लावलेली चित्रं आणि त्यांच्यापुढे बघ्यांचा घोळका. म्हातारा पडला याची त्यातल्या एकालाही खबर नाही. हे दुकान हॅना हम्फ्री बाईंचं, २७ सेंट जेम्स स्ट्रीट. गिलरे त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा आणि खिडकीत टांगलेली चित्रं त्याचीच आहेत. म्हणजे पडलेल्या म्हाताऱ्याच्या आडून दुकानाची जाहिरात चाललीय. मूळ कल्पना जॉन स्नीड या चित्रकलेची हौस असलेल्या पाद्र्याची. हवामानावरच्या एका मालिकेतलं हे एक चित्र.

आता पत्र्याकडे येऊ. यातली बरीचशी चित्रं म्हणजे एचिंग: पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने त्यात चित्र काढायचं आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाला खाऊ द्यायचं. तांब्यावर हत्याराने थेट कोरलेली रेषा आणि आम्लाने खाल्लेली रेषा यांत फरक असतो, आणि तो दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली सहज कळतो. कोरलेली रेषा मध्ये फुगते आणि टोकाला सुईसारखी निमुळती होते. आम्लाची रेषा सगळीकडे साधारण सारख्याच जाडीची, कडा किंचित खडबडीत आणि टोक बोथट. व्यंगचित्रकाराला दुसरी सोयीची, कारण हात कागदावर चालतो तसाच मेणावर चालतो. आदल्या दिवशीची भानगड दोन-चार दिवसांत खिडकीत लावायची, तर कोरत बसायला वेळ कुणाला?

करून बघायचं असेल तर सपाट, घासून चकचकीत केलेला साधारण दीड मिलिमीटरचा पत्रा घ्या. आपलं तांबटांचं गाव. तांब्याची अडचण येऊ नये. फक्त ठोकलेलं किंवा पोक आलेलं तांबं नको. चारही कडा कानशीने तिरप्या करा, नाहीतर दाबाखाली त्या कागद आणि वरचं लोकरी कापड दोन्ही कापतील. मग खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून घासायचं. पाणी ओतल्यावर थेंब न होता सपाट पसरलं, की तेलकटपणा गेला. इथे घाई केली तर पुढे मेणाचे पापुद्रे निघतात आणि दोष बिचाऱ्या आम्लाला मिळतो.

वर द्यायच्या लेपाला ग्राउंड म्हणतात. मेण दोन भाग, डांबरी अस्फाल्टम दोन भाग, राळ एक भाग, हे एक चालणारं प्रमाण. पत्रा गरम करून पातळ थर पसरायचा, मग पत्रा उलटा धरून मेणबत्तीच्या धुराने काळा करायचा. काळ्यावर तांब्याची रेषा चमकते म्हणून हा उपद्व्याप. ज्योत एका जागी रेंगाळली तर मेण करपतं आणि नेमकं तिथेच आम्ल शिरतं. सुईने फक्त मेण खरवडायचं, तांबं उघडं पडलं की पुरे. नवशिके जोर लावून तांब्यात खड्डे पाडतात.

सगळं उलटं काढायचं, हे विसरायला सर्वांत सोपं. छापताना डावं उजवीकडे जातं. म्हणून चित्राच्या कागदाची मागची बाजू लाल खडूने माखून, ती मेणावर ठेवून नुसतं गिरवलं, तर छापात पत्ते वाटणारा डावखुरा होतो आणि तलवार भलत्याच हातात जाते. गिलरेच्या चित्रांत तर तोंडातून निघणाऱ्या फुग्यांत ओळीच्या ओळी मजकूर असतो. तो सगळा आरशातल्यासारखा उलटा लिहिलेला. एखादं अक्षर राहिलं तर ते ओळीच्या वर घुसवायचं, दुसरा मार्ग नसे.

मग आम्ल. त्या काळी पत्र्याच्या कडेने मेणाची भिंत उभारून आत पाणी घातलेलं नायट्रिक ॲसिड ओतत. रेषांतून बुडबुडे यायला लागले की पिसाने हलकेच झाडत, कारण बुडबुडा बसून राहिला तर त्याखालची रेषा तुटक येते. ॲसिड फार तेज असेल तर ते खाली जाण्याऐवजी आडवं खातं आणि जवळजवळच्या रेषा एकमेकींत कोसळतात. दाट सावलीच्या जागी काळ्या रेषांऐवजी करडा डाग दिसतो तो यामुळेच. घरी नायट्रिकच्या नादी लागू नका. फेरिक क्लोराइड वापरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळतं. पत्र्याची मागची बाजू वार्निशने झाका आणि पत्रा तोंड खाली करून, कोपऱ्यांत ठोकळे देऊन ठेवा. तोंड वर राहिलं तर गाळ रेषांत बसतो आणि खाणं थांबतं. फिकट रेषा हव्यात तिथे दहाएक मिनिटांनी बाहेर काढून, धुऊन, वाळवून त्यांच्यावर वार्निश फिरवायचं आणि पत्रा पुन्हा आत. गडद जागांना पाऊण तासही लागतो. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात तांबं असतं, आणि मोरीचं पाणी शेवटी कुठे जातं हे गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको.

शाई भरताना पत्रा कोमट हवा. पुसायला कांजी केलेलं विरळ मलमल, शेवटचा हात खडू लावलेल्या तळव्याचा. फार पुसलं तर रेषेतली शाईही निघून येते. कागद ओला हवा, पण चमकणारं पाणी नको. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पाच मिनिटांत कडा वाळून वळायला लागतात. म्हणून आदल्या रात्री कागद भिजवून, टिपून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवा. मग रोलरच्या दाबयंत्रातून एकदा, न थांबता. थांबलात तर आडवा पट्टा उमटतो.

रंग छापलेले नसत. काळी छपाई झाली की दुकानातल्या किंवा बाहेरून बोलावलेल्या रंगाऱ्यांपुढे, त्यांत बायका आणि मुलंही असत, एक नमुना ठेवायचा आणि त्याबरहुकूम जलरंग मारून घ्यायचे. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत एकीचा झगा निळा, तर दुसरीचा पिवळा असू शकतो. दोन्ही अस्सल. रंग रेषेबाहेर गेला म्हणून प्रत खोटी ठरत नाही, उलट घाई दिसते. किरमिजी उन्हात उडतो. शिशाचा पांढरा दूषित हवेत काळा पडतो, त्यामुळे एखाद्या गोऱ्या बाईच्या गालावर विचित्र काळे ठिपके दिसले तर चित्रकाराला टोमणा मारायचा होता असं समजू नका. रसायनशास्त्राचा खेळ आहे तो.

एवढं करून हे स्वस्त नव्हतंच. टॉमस टेग चीपसाइडला एक शिलिंगात रंगीत चित्र विकायचा, आणि तो स्वस्त दुकानदार म्हणून ओळखला जाई. ज्यांना परवडत नसे ते खिडकीसमोर उभे राहत. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांची जाडजूड पाकिटं संध्याकाळपुरती भाड्यानेही द्यायचा. पाहुणे जेवायला आले की मध्ये ठेवायची.

विषय घरातलेच. १८०५ची गिलरेची जोडी: पहिल्यात लग्नाआधीचं जोडपं एकच गाण्याचं पान बघत गातंय, दुसऱ्यात लग्नानंतर बायको पियानो बडवतेय, नवरा पाठ फिरवून बसलाय, मूल किंचाळतंय. १८०९मध्ये रोलँडसनने पॅल मॅलमधल्या नव्या गॅसच्या दिव्यांची फिरकी घेतली. जॉर्ज क्रूकशँक बायकांच्या टोप्या आणि पुरुषांच्या आवळलेल्या कमरा यांवर वर्षानुवर्षं तुटून पडला. १८२८मध्ये हीथने काढलेली बाई सूक्ष्मदर्शकातून थेम्सच्या पाण्याचा थेंब बघते आणि आतले अक्राळविक्राळ प्राणी पाहून तिच्या हातून चहाचा कप सुटतो. रामकुंडावर उभं राहून हे चित्र आठवलं तर दोष चित्राचा नाही.

त्यातलं एक मात्र मुंबईच्या तारखेशी लावून बघण्यासारखं. १२ जून १८०२ला गिलरेचं देवीरोगावरच्या, गाईंपासून मिळालेल्या लसीची खिल्ली उडवणारं चित्र निघालं: लस टोचलेल्यांच्या दंडातून, नाकातोंडातून गाई बाहेर पडताहेत. दोनच दिवसांनी, १४ जूनला, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. तिकडची खिल्ली आणि इकडची लस जवळपास एकाच वेळी निघाली होती.

आता खाली बघा, चित्राच्या पायथ्याशी. तिथली बारीक ओळ म्हणजे कायद्याची ओळ. १७३५च्या कायद्याने मुद्राचित्राला चौदा वर्षांचा हक्क मिळाला, १७६७मध्ये तो अठ्ठावीस झाला. अट एवढीच की पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव कोरलेलं हवं. म्हणून ही चित्रं वर्तमानपत्रासारखी दिवसावर लावता येतात. नावापुढे ‘डेल.’ असेल तर रेखाटन त्याचं, ‘इन्व्ह.’ म्हणजे कल्पना त्याची, ‘स्कल्प.’ किंवा ‘फेक.’ म्हणजे पत्र्यावरचं काम त्याचं.

पण ही ओळ फसवते. पत्रा विकला गेला की नवा मालक तिथलं तांबं खरवडून, मागून ठोकून सपाट करून आपला पत्ता घालायचा. तारीख कधी जुनीच ठेवायचा. हम्फ्री बाई सेंट जेम्स स्ट्रीटला आल्या त्या १७९७च्या सुमारास. चित्रावर १७९२ आणि पत्ता सेंट जेम्सचा असेल, तर ती नंतरची छपाई. कागद उजेडासमोर धरा. व्हॉटमन या इंग्लिश कागदगिरणीच्या कागदात १७९४पासून पाणचिन्हात साल सापडतं. पाणचिन्ह १८१८ आणि चित्राची तारीख १८०८ असेल, तर दहा वर्षांनंतर छापलेली प्रत आहे. रेषाही सांगतात: आभाळातल्या, गालावरच्या नाजूक रेषा आधी झिजतात, गडद सावल्या तशाच राहतात, आणि चेहरे रिकामे दिसायला लागतात.

ऑफसेटची नक्कल ओळखणं त्याहून सोपं. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते, कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन नसतो आणि अंगठ्याला काहीच लागत नाही. चौकोन नाही म्हणून लगेच खोटी म्हणू नका. जुन्या मालकांनी वहीत चिकटवायला कडा कापून टाकलेल्या असतात.

खरी प्रत घरात असेल तर जूनच्या आधी तिची चौकट उघडून बघा. काचेला कागद चिकटता कामा नये. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट देणारी जाड पुठ्ठ्याची खिडकी हवी, आणि तो पुठ्ठा आम्लविरहित. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलं तर मागून ओल येते आणि तपकिरी ठिपके पडतात. कसर आधी कांजी लावलेल्या जागा खाते. सेलोटेप अजिबात नको. आणि चौकट उघडलीच आहे तर कागद उलटून बघा. मागच्या बाजूलाही गिलरेचं दुसरं चित्र छापलेलं निघालं, तर तुमची प्रत हम्फ्री बाईंच्या दुकानातली नाही. १८५१च्या सुमारास हेन्री बोनने त्याच जुन्या पत्र्यांवरून जाड पुस्तक काढलं होतं, दोन्ही बाजूंना छापून, रंगाविना. त्यातलंच ते एक पान. समोरच्या बाजूवर रंग दिसत असेल, तर तो नंतर कुणीतरी मारलेला आहे.