मैत्रिणीचं प्रेम रोज स्टेटसवर दिसतं तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक असाच येतो: "मैत्रीण दिवसभर त्याच्यासोबतचे फोटो टाकून राहिली. पाहवत नाही, आणि बोलावं तर म्हणेल, जळते माझ्यावर. काय करू?"

आधी म्यूट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या स्टेटसवर बोट दाबून धरलं की पर्याय येतो, इन्स्टाग्रामवर स्टोरीच्या गोलावर तसंच. तिला काही कळवलं जात नाही. फेसबुकवर 30 दिवसांपुरतं थांबवायचीही सोय आहे. यात दगाफटका काही नाही. त्या फोटोंपायी तिच्याविषयीच मनात अढी बसायला लागली असेल, तर फोटो सोडा आणि मैत्रीण राखा.

पण बहुतेक जण म्यूट करून तिथेच थांबतात. तिची खबरबात स्टेटसवरून मिळायची, ती आता मिळणार नाही. फोन तुम्हालाच करावा लागेल. माझी एक मैत्रीण पावसाळाभर नागपुरातल्या फुटाळ्यावरचे फोटो टाकायची. हातात भुट्टे, मागे तलाव, खाली एकमेकांना उद्देशून लांबच लांब मजकूर. मी तिला एका रविवारी सकाळी तर्री-पोह्यांना बोलावलं, एकटीलाच. ठेल्याजवळ उभ्या उभ्या ती सगळा वेळ त्याच्याबद्दलच बोलली, आणि मला ते ऐकायला मुळीच जड गेलं नाही. जात आडवी आली होती. त्याचे वडील हिला भेटायलाही तयार नव्हते. दोघांच्याही घरून कोणी "जोडा छान दिसतो" म्हणालं नव्हतं, म्हणून ती फोटोखालचे बदाम पाहत बसायची. पोह्यांवरची तर्री गार झाली तरी तिचं बोलणं संपेना.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात आढळलं होतं, की जोडीदाराच्या मनाबद्दल ज्या दिवशी धाकधूक वाटते, त्या दिवशी माणसं फेसबुकवर आपलं नातं जास्त दाखवतात. हे वाचून कोणाच्या प्रेमाला पोकळ ठरवू नका. काहींना आनंद खरंच पोटात मावत नाही. माझ्या मैत्रिणीला धाकधूक होती, पण ती त्याच्याबद्दल नव्हती, घरच्यांबद्दल होती. विचारल्याशिवाय हे कळत नाही.

एका बाबतीत मात्र गप्प राहू नका: भांडणाचे स्क्रीनशॉट. स्टेटस 24 तासांत जातं, पण धरमपेठेत टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत महाल भागातल्या मावशीकडे पोचलेली असते. कॉमेंटमध्ये लिहू नका, फोन लावा. "अगं, हे आधी काढ. तुमचं उद्या मिटेल, लोक वर्षभर बोलतील." सोबत तिला इन्स्टाग्रामवर क्लोज फ्रेंड्सची, म्हणजे जवळच्या माणसांची, यादी करून द्या आणि असलं काही त्या यादीपुरतंच टाकायला सांगा, म्हणजे ऑफिसातले आणि नातेवाईक बाहेर राहतात. आणि तलावावर बसल्या बसल्या लोकेशन टाकू नको, घरी पोचल्यावर टाक, हेही सांगा. मुलींच्या बाबतीत मी यावर हट्टच धरते.

तुमचं स्वतःचं नातं नुकतंच मोडलं असेल, तर तिला सरळ सांगा: "तुझ्यासाठी मला आनंदच आहे, पण सध्या हे फोटो मला पाहवत नाहीत, म्हणून बंद ठेवलेत. तू मात्र येत जा." माझ्या ओळखीत जिने जिने असं सांगितलं, तिच्याकडे मैत्रीण त्याच आठवड्यात घरी आली.